आप्पा, गिटारला स्प्रिंगा असतात

फुलर्टन, कॅलिफोर्निया
गणपतीनंतरचा रविवार

ती. आप्पांस,
बेबीचा सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओवर बोलताना जेवणाच्या टेबलावर पालथी पडलेली, पाठ उघडलेली गिटार तुम्हाला दिसली. तुम्ही "फोडली का पोरानं?" असं विचारलंत आणि तेवढ्यात नेट गेलं. फोडलेली नाही. तिच्या पोटात स्प्रिंगा असतात आणि त्या किती व कशा लावायच्या यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की तुमचे जावई मधे आकृती दाखवायला येतात. म्हणून पत्र.

सतारीची घोडी एकदा बसवली की बसली. या गिटारची घोडी बसत नाही. पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर नुसती टेकलेली असते आणि मागून मोकळी. तिच्या बुडाला पोलादाचा ठोकळा असतो, तो लाकडातल्या पोकळीतून थेट पाठीपर्यंत उतरतो. वर घोडीला सहा तारा ओढतात, खाली ठोकळ्याला स्प्रिंगा ओढतात, आणि मधे टेकू असल्यामुळे दोघींची ओढ एकमेकींच्या विरुद्ध पडते. घोडीत एक दांडी खोचलेली असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो, सोडली की स्प्रिंगा घोडीला परत जागेवर आणतात. थोडक्यात, पेटीला जी मींड जन्मात जमली नाही, ती इथं एका दांडीवर येते. (चिडू नका. आकाशवाणीनं पेटीवर १९४० ते १९७१ बंदी घातली होती, तिच्यामागे हेही एक कारण होतं हे तुम्हीच आम्हाला सांगायचात, आणि सांगताना पानदान आपटायचात.)

हे ज्यानं काढलं तो माणूस तुम्हाला आवडेल, कारण तो आमच्या गावचा आणि तुमच्या धंद्यातला. लिओ फेंडर, जन्म १९०९. आईवडिलांची इथंच संत्र्याची बाग होती. आता बाग दिसत नाही, जिल्ह्याचं नाव तेवढं ऑरेंज काउंटी राहिलंय. शिकला तो हिशेबनिसाचं काम, पण १९३८ साली फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि तिथून गिटारींकडे वळला. स्ट्रॅटोकास्टर नावाची ही गिटार १९५४ ची, आणि या हलत्या घोडीचं पेटंट त्याला १९५६ साली मिळालं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे दुकानात येऊन तक्रारी करायचे, आणि हा ऐकून घेऊन यंत्र सुधारायचा. मला तर वाटतं, वाजवता येत असती तर तो स्वतःच्या वाजवण्यावर खूष होऊन बसला असता.

त्यानं काय केलंय ते तुम्ही लगेच ओळखाल. हा ताळेबंद आहे, आप्पा. एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची. दोन्ही जुळल्या की घोडी स्थिर आणि सूर नीट. एका बाजूची एक रक्कम हलवली की सगळं पान पुन्हा जुळवायचं. खुंटी पिळून एक तार चढवली की घोडी जराशी पुढे झुकते आणि उरलेल्या पाच तारा उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली उतरते. नातू तुमच्यासारखाच न कंटाळता पुनःपुन्हा बेरीज घेतो.

आता भांडणाचं मूळ. मंडळाच्या गणपतीत यंदा चिरंजीवांनी आरतीला गिटार धरली. पेटीवर एक काका होते, पट्टी काळी दोन. दुसऱ्या आरतीपर्यंत छान चाललं होतं. मग सगळ्यात बारीक तार तुटली. साध्या गिटारीची एक तार तुटली तर उरलेल्या पाचांवर निभावून नेता येतं. इथं तारांच्या बाजूची सहा-एक किलोंची ओढ एकाएकी गेली, स्प्रिंगांची बाजू भारी झाली, घोडी मागं बसली आणि पाचही तारा एकदम किंचित चढल्या. किंचितच, पण पेटी होती तिथंच. पुढचं कडवं आम्ही दोन पक्षांत म्हटलं. पेटीवाल्या काकांनी प्रसाद घेतानासुद्धा आमच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर तुमच्या जावयांनी इंजिनिअर असल्याचं मनावर घेतलं. पुन्हा तुटायला नको म्हणून जाड तारांचा संच आणला. नेहमीच्या बारीक संचाची सहा तारांची मिळून ओढ सुमारे ३८ किलो असते, या जाड संचाची सुमारे ४६. तारा चढवल्या तशी घोडी शेपूट वर करून उभी राहिली. मागच्या कडेखाली तीनएक मिलिमीटर फट असावी असा दंडक आहे, आमच्याकडे काडेपेटी सरकली असती. मग पाठीचं झाकण उघडलं, आणि तेच तुम्ही पाहिलंत.

आत एका टोकाला ठोकळ्यात पाच भोकं, समोरच्या टोकाला पाच आकड्यांची पट्टी. तिला क्लॉ म्हणतात. ही पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. स्क्रू आत पिळले की स्प्रिंगा ताणतात, सोडले की सैल पडतात. आमच्या गिटारीत तीन स्प्रिंगा होत्या. १९५४ च्या पहिल्या गिटारींत पाच असायच्या, हे जावयांनी शोधून काढलं आणि तेव्हापासून ते पाचच्या पक्षात आहेत. चिरंजीव तीनवर ठाम.

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि माझं मत असं झालं की निम्मं भांडण फुकटचं आहे. तीन लावा नाहीतर पाच, तारांना तोलायला एकूण ओढ तेवढीच लागते. तीन असल्या तर क्लॉ घट्ट करून एकेकीला जास्त ताणायचं, पाच असल्या तर क्लॉ सैल सोडायचा. उरलेलं निम्मं भांडण मात्र खरं. पाच स्प्रिंगांनी दांडी जड होते, पण एखादी तार तुटली किंवा बोटानं ओढून चढवली तर घोडी कमी हलते. तीन स्प्रिंगांनी दांडी हलकी, दोन बोटांनी सूर लोण्यासारखा सरकतो, पण घोडी लगेच बिथरते. म्हणजे बापाला आरतीतली अब्रू हवी आहे आणि मुलाला मींड.

त्यात तिरकस पक्ष वेगळा. तीन स्प्रिंगा समांतर लावता येतात, किंवा मधली सरळ ठेवून बाहेरच्या दोन क्लॉच्या मधल्या आकड्यांकडे तिरक्या न्यायच्या, बाणाच्या टोकासारख्या. तिरकी स्प्रिंग जास्त अंतर कापते, म्हणून जराशी जास्त ताणते. यावर जावयांनी पायथागोरसची वही उघडली. शेजारचे देशपांडेभावजी नुसते साखर मागायला आले होते, ते तासभर थांबले आणि "क्लॉ जाड तारांच्या बाजूला थोडा जास्त पिळा" असं सांगून गेले. हे तसं बरोबर आहे, पुष्कळजण करतात. साखर न्यायची राहिली.

मला स्वतःला एरिक क्लॅप्टनचा तोडगा पटला. त्यानं पाचही स्प्रिंगा लावल्या, ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकला आणि घोडीचं हलणंच बंद करून टाकलं. मी हे सुचवल्यावर दोन्ही पक्ष प्रथमच एक झाले, माझ्याविरुद्ध.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. वर तार छेडली की पोटातल्या स्प्रिंगाही गुणगुणतात. सतारीच्या तरफा झणकारतात तशा, फक्त कोणत्याही सुरात न मिळवलेल्या. काहींना हा झणकार हवासा वाटतो, काहीजण स्प्रिंगांखाली स्पंज कोंबून तो दाबतात. माझा भांडी घासायचा नवा स्पंज असाच गेला. दुसरं म्हणजे क्लॉला अर्थिंगच्या वायरीचा डाग दिलेला असतो. जावई क्लॉ काढून बाहेर घेणार तेवढ्यात पोरगा असा ओरडला की मला वाटलं शॉक बसला. ती वायर तुटली की गिटार घूं करत राहते, एवढंच.

शेवटी तोड निघाली ती जेवायला माणसं येणार होती म्हणून. टेबल हवं होतं. मी सांगितलं, चार लावा, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, मधलं भोक रिकामं. मग पाव पाव वेढा स्क्रू पिळायचा, सहाही तारा मिळवायच्या, मागची फट बघायची, पुन्हा पाव वेढा. जावई फट व्हर्नियरनं मोजत होते, मुलगा नख्या एकावर एक ठेवून. उत्तर एकच येत होतं, तरी वाद चालू होता. पाहुण्यांची घंटा वाजली तेव्हा घोडी सपाट बसली होती आणि सूरही बरे लागले होते. दांडी मुलाला जड वाटते, बापाला हलकी.

आईला सांगा, भाजणी पोचली. मेतकूट मात्र कस्टमनं उघडून पाहिलं असावं, पुडीला त्यांची पट्टी आहे. गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
बेबी

ता. क. — जावयांनी आणलेल्या जादा स्प्रिंगांपैकी काही उरल्या होत्या. ओट्याखालच्या कपाटाचं दार नीट मिटत नाही हे मी वर्षभर सांगतेय. काल आतून दोन स्प्रिंगा लावल्या, आता दार फाडकन बंद होतं. तुमचे जावई म्हणतात एक पुरे, आणि ती तिरकी हवी. नातू खाली बसून दार उघडतोय आणि सोडतोय. माझा डाळीचा डबा आत आहे.