झाकणवाले बापू

टेंभुर्णीपासून केत्तूरपर्यंत, उजनीच्या काठावर गावागणिक एक बापू असतो. केळीचा कंटेनर आखाताकडे निघाला आणि उसाचं बिल वेळेवर जमा झालं (ही दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ), की बापूंना पोहायची टाकी सुचते. बांधापलीकडे 117 टीएमसीचं धरण पसरलेलं असतं, पण बापूंना वस्तीवर तीस बाय पंधराचं 'स्विमिंग' हवं. हिवाळ्यात रोहित बघायला पुण्याची माणसं येतात, त्यांची सोय म्हणून, असं ते सांगतात. खरं कारण म्हणजे शेजारच्या अण्णांनी वस्तीवर जिम काढलेली असते.

2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, तरी बापूंची टाकी काठोकाठ होती. तेव्हापासून धरणापेक्षा आपलंच पाणी भरवशाचं, असं त्यांचं ठाम मत आहे. ते पाणी कुठल्या मोटारीनं कुठून आलं, हे विचारायचं नसतं.

निळी फरशी, स्टीलची शिडी, रात्रीचे दिवे, कशातच बापूंनी हात आखडला नाही. हत्ती गेला, शेपूट मात्र अडकलं. दिवाळीनंतर पोहायला कुणी उतरत नाही आणि नेमकी तेव्हाच कारखान्यांची धुराडी पेटतात. बॉयलरची काजळी, त्यात पाचट पेटवल्याची राख. सकाळी उठावं तर निळ्या पाण्यावर काळी साय. टाकी झाकणं आलं.

बापू टेंभुर्णीला गेले. दुकानदारानं शेडनेट दाखवली. तिच्यातून बारीक काजळी खाली गळणार. पातळ निळी ताडपत्री काढली. तिच्यातून ऊन आत जाणार, म्हणजे शेवाळ आलंच. शेवटी त्यानं शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा कागद काढला. ऊन अडतं, शेवाळ धरत नाही, टाकलेलं क्लोरीनही लवकर उडून जात नाही. माल चोख होता, पण चारी बाजूंनी दोन-दोन हात जादा धरून हिशेब साडेसातशे चौरस फुटांवर गेला.

"पाणी साडेचारशे फूट आन् कागद साडेसातशे?" बापू म्हणाले. "आवं, झाकायचंय, नेसवायचं न्हाई!"

आणि ते रिकाम्या हातानं परतले. देव अशा माणसांच्या पाठीशी असतो. 23 नोव्हेंबरला विधानसभेचे निकाल लागले आणि पडलेल्या उमेदवारांचे फ्लेक्स गावोगाव बेवारस झाले. जाड, मेणचट आणि फुकट. बापूंनी दोन पक्षांचे चार फ्लेक्स सुतळीनं एकत्र शिवले. हयातभर ज्यांची युती जमली नाही, ती वस्तीवर एका दुपारी जमली. कडेनं खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून दाब दिला. मधे दोर ताणायला हवा होता, पण दोराला पैसे पडतात. त्यामुळे अवकाळीची एक सर आली आणि साहेबांच्या पोटावर तळं साचलं. त्यात एक बगळा उभा राहू लागला. वरून घट्ट दिसतंय म्हणून एखादं शेरडू, नाहीतर पोर त्यावर पाय टाकेल, हे फक्त काकींच्या लक्षात आलं. त्यांनी भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. अख्ख्या प्रकरणातलं तेवढंच शहाणपणाचं काम, आणि तेही फुकटात.

आठवड्यानं कार्यकर्ते आले. त्यांच्या साहेबांना पाण्यात पाहणारे तालुक्यात पुष्कळ, पण अक्षरशः पाण्यात घालणारे बापू पहिलेच. "बापू, इज्जतीचा प्रश्न हाय," ते म्हणाले. बापूंनी त्यांना चहा पाजला, त्यांच्याकडूनच गोण्या बाजूला ओढून घेतल्या आणि अख्खा फ्लेक्स उलटा करून घेतला. आता वर नुसता पांढराफटक.

दुसऱ्या दिवशी विरुद्ध पार्टीचे आले. आमच्या नेत्याचं तोंड पाण्यात का?

"उताणं होतं तवा डोळ्यात काजळी जात होती," बापू म्हणाले, "म्हणून पालथं घातलं."