पाहुणेमंडळीस, रत्नागिरीहून

प्रति,
अज्ञात चोर महाशय,
मुक्काम : ठाऊक नाही

सा. न. वि. वि.

आपले पाय रत्नागिरीला लागण्याची शक्यता नाही, आणि आपल्या धंद्याला आता तशी गरजही नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. आमचा राखणीवर मोठा विश्वास. हापूस धरला की बागेत नेपाळी गुरखे मुक्कामाला येतात, वानरं हाकायला माणसं लागतात, आणि एवढं करून जे उरतं ते राखणदार दैवताला नारळ देऊन त्याच्यावर सोपवलं जातं. याच मुलखातल्या कित्येक पतसंस्था, शाळा आणि कचेऱ्यांच्या संगणकांना मात्र राखण एका शब्दाची : गावाचं नाव, ॲटचं चिन्ह आणि एक-दोन-तीन. दर नव्वद दिवसांनी तो बदलण्याचं परिपत्रक आहे आणि ते आम्ही काटेकोर पाळतो. तीनाचा चार करतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेनं ही रीत जगभर रुजवली. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला, आणि त्याच वर्षी संस्थेनंही मुदतीवर पासवर्ड बदलायची सक्ती नको असं सुधारून सांगितलं. कारण साधं आहे. सारखं नवं गुपित मागितलं की माणूस ओळखू येण्याजोगं गुपित निवडतो, नाहीतर चिठ्ठीवर लिहून ठेवतो. ही बातमी परिपत्रकं काढणाऱ्यांपर्यंत अजून पोचायची आहे, तोवर आपण निश्चिंत असावं.

चिंतेची बाब एकच : दोन किल्ल्यांचं शहाणपण आम्हाला नवं नाही. बँकेची स्ट्राँगरूम एका किल्लीनं उघडत नाही; एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. यात कुणाला आपल्या प्रामाणिकपणाचा अपमान वाटत नाही. संगणकातही तीच व्यवस्था उतरवलेली आहे. नोंद करणारा मेकर वेगळा आणि मंजूर करणारा चेकर वेगळा. पण किल्ली दिली की आपल्याकडे उरत नाही, तिची आठवण राहते. पासवर्ड देऊनही आपल्याकडे उरतोच, त्यामुळे काही दिल्यासारखंच वाटत नाही. ‘साहेब जेवायला गेलेत, त्यांचा टाक’ एवढ्या एका वाक्यानं मेकर आणि चेकर एकाच खुर्चीत बसतात. मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतल्या घोटाळ्याचं प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा पहिला आकडाच अकरा हजार कोटींच्या वर होता. हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशप्रणालीवरून परदेशी गेले, पण बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. आणि स्विफ्टचे पासवर्ड बाहेरच्यांना वापरू दिल्याचं तपासाच्या बातम्यांत आलं. कुलूप फोडावं लागलंच नाही.

‘आम्ही लहान, आमच्याकडे कोण येतंय’ हे आमचं आवडतं उत्तर आपल्याला सर्वांत सोयीचं. पुण्याची कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. तिथली वाट निराळी होती, एटीएमच्या यंत्रणेलाच बगल दिली गेली. पण चोर सहकारी संस्थेची पाटी वाचून मागं फिरत नाही, हे तेव्हा कळलं. एकट्या पासवर्डाचं उदाहरण हवं तर अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही कंपनी आहे. एप्रिल २०२१ मध्ये वापरात नसलेल्या एका खात्याच्या फुटलेल्या पासवर्डावर हल्लेखोर आत शिरले. दुसरा पुरावा मागणारं कुणी नव्हतं. कंपनीनं सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली.

आता काही लोक पासकीची भाषा करू लागले आहेत, ते आपल्या कानावर घालतो. तिच्यात सांगण्यासारखं गुपितच नसतं. फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हएवढ्या चावीत एक खासगी किल्ली राहते, ती संस्थेकडे कधी जात नाही. संस्थेचा सर्व्हर दर वेळी नवं कोडं घालतो आणि किल्ली त्यावर सही करून देते. ही सही संस्थेच्या त्या एका वेबपत्त्यापुरतीच चालते, म्हणून आपण हुबेहूब खोटं पान उभं केलं तरी किल्ली गप्प बसते. कारकुनाला फरक कळो वा न कळो. ओटीपीचं तसं नाही. तो फोनवर गोड बोलून विचारता येतो. गूगलनं २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या पंच्याऐंशी हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा पेनड्राइव्हएवढ्या चाव्या सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर फिशिंगनं कुणाचंही कामाचं खातं गेल्याची नोंद नाही, असं २०१८ मध्ये सांगितलं.

आपण घाबरू नये, आमच्या हरकती तयार आहेत. खर्च होईल म्हणतात. पण चावीची किंमत संचालक मंडळाच्या एका सभेच्या चहा-फराळाशी ताडून पाहायला कुणी बसत नाही. पावसात रेंज जाते म्हणतात. ती खरी अडचण ओटीपीची आहे, यूएसबीत खुपसायच्या चावीला मोबाइलची रेंज लागतच नाही. चावी हरवली तर? ही हरकत मात्र रास्त आहे. प्रत्येकाला दोन चाव्या द्याव्या लागतात, एक तिजोरीत सीलबंद, आणि हरवलेली त्याच दिवशी रद्द करणारा माणूस नेमावा लागतो. साहेब रजेवर असले तर? मग पुढच्याला रीतसर चार्ज द्यावा, आपली ओळख देऊ नये. नुसत्या अंगठ्यावर भागवू म्हणणारेही आहेत. पण दस्तांवरचे ठसे उचलून बनावट अंगठे केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेलेत, आणि अंगठा बदलून मिळत नाही. पासकीत ठसा फक्त हातातलं यंत्र उघडतो, सर्व्हरकडे जात नाही, हा फरक सभेत कुणी विचारत नाही.

ग्राहकाची गोष्ट निराळी. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावर ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला दुसरा पुरावा द्यावा लागतो. शंभर रुपयांच्या रिचार्जला आपली ओळख दोनदा पटवणारा तो ग्राहक, आणि त्याच्यासारख्या हजारोंची खाती एका शब्दावर उघडणारा आतला कर्मचारी, ही जोडी जिथे अजून नांदते आहे तिथे आपलं स्वागत आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक खातेदार

ता. क. : पासवर्डाची चिठ्ठी आता कीबोर्डखाली नाही, लेखापरीक्षकांनी शेरा मारला म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. ड्रॉवरची किल्ली ड्रॉवरलाच आहे.