एक जागा, एक्क्याऐंशी जागा

खुर्ची रिकामी राहू नये, याबाबत आपली लोकशाही फार दक्ष आहे. कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव यांचे २ डिसेंबर २०२१ रोजी निधन झाले आणि १२ एप्रिल २०२२ ला पोटनिवडणुकीचे मतदान पारसुद्धा पडले. एका जागेसाठी मतदाराला साडेचार महिनेही ताटकळत ठेवले नाही.

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत त्याआधीच, १५ नोव्हेंबर २०२० ला संपली होती. तिथे जागा ८१. त्या एकदमच रिकाम्या झाल्याने पोटनिवडणुकीचा प्रश्न उरला नाही आणि मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला. मुदत पाच वर्षांची, मध्यंतर त्याहून मोठे. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग कोर्टाची तारीख. कारणांची जागा मात्र एक दिवसही रिकामी राहिली नाही.

ही काटकसर वर न्यायला हवी. पोटनिवडणुकांचा खर्च वाचवायचा तर विधानसभेच्या २८८ जागा एकाच दिवशी रिकाम्या कराव्यात. तसा ठराव महापालिकेने सर्वप्रथम करायला हवा होता. करायला सभागृह नव्हते, एवढीच किरकोळ अडचण.

प्रतिनिधींची वाण मात्र कधी भासली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला वाढदिवसाचा फ्लेक्स कायम असे. डावीकडे ‘माजी नगरसेवक’, उजवीकडे ‘भावी महापौर’, मधे हात जोडलेले. त्या पाच वर्षांत गल्लीत आजी अशी एकच. ती फ्लेक्सच्या सावलीत बसून सांडगे राखायची.