शून्य बघून घ्या, मालक

पेट्रोल पंपावर दुचाकीवाला येतो आणि जातो. कारवाला काच खाली करतो, पुन्हा वर करतो आणि जातो. पिकअपवाला मात्र पंपावर मुक्कामालाच येतो.

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातला घ्या. बोलेरो पिकअप, हप्ते अजून चालू, पुढे लिंबू-मिरची, मागच्या फाळक्यावर आई-वडिलांचा आशीर्वाद. टोमॅटोच्या हंगामात हा संध्याकाळी माल भरतो आणि उजाडायच्या आत वाशी मार्केटला गाडी लावतो. क्रेट किती चढले ते तो स्वतः मोजतो. वजन किती झालं ते मात्र विचारू नये. 'असंल पासिंगएवढंच.' पाटे उलटे वळले तरी उत्तर तेच. शेतकऱ्याचा माल तोंडी नेणारा, वाटेत कुणीही हात केला तरी फुकट बसवून घेणारा हा दिलदार गडी पंपावर पाय ठेवला रे ठेवला की थेंबाथेंबाचा हिशेब मागू लागतो.

पाय ठेवतो म्हणजे खरोखरच ठेवतो. आत बसून नुसतं बोट दाखवणं त्याला नामंजूर. टाकीचं कुलूप तो आपल्या हातानं उघडतो, चावी पंपावरच्या पोराच्या हातात पडू देत नाही. पोरगं सवयीनं म्हणतं, "शून्य बघून घ्या, मालक." मालक बघतात. मग क्लीनरला बघायला लावतात.

"बघितलं का रे?"

"बघितलं."

"नीट बघ."

शून्यात एवढी नजर लावून उभी असलेली माणसं एरवी फक्त मठात सापडतात.

"कितीचं टाकू?"

"दोन हजार वीसचं."

दोन हजारचं कधीच नाही. गोल आकड्याला मशीन आधीच 'सेट' केलेलं असतं, वरच्या विसाला ते फसतं, असं त्याचं शास्त्र आहे. ज्याला दोन हजारला खोड करता येते त्याला दोन हजार वीसला का येऊ नये, हा प्रश्न अजून कुणी त्याच्यासमोर मांडलेला नाही. मांडूही नये, मागे रांग वाढते. पण संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगितलं पाहिजे. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले आणि यंत्रांतल्या करामती बाहेर काढल्या. ती बातमी त्याच्यासाठी काल सकाळची आहे.

त्याच वर्षाचा त्याचा आणखी एक सल आहे. 16 जून 2017 पासून इंधनाचे दर रोज सकाळी बदलू लागले. त्याआधी दर पंधरवड्याला बदलायचे, म्हणजे आदल्या रात्री टाकी भरून सरकारला चकवल्याचं समाधान तरी मिळायचं. आता चकवणार कुणाला? त्यात गेल्या काही वर्षांत दर महिनोन्‌महिने हलतच नाहीत, तरी हा पंपावर आल्या आल्या विचारतो, "आज काय भाव?" आणि कालचाच भाव ऐकून "आरारारा" म्हणतो.

दोन हजार वीस हा झाला स्वतःच्या खिशाचा आकडा. भाड्यापोटी व्यापाऱ्यानं डिझेल टाकून दिलं असेल, तर मात्र एकच शब्द: "फुल." आणि त्याचं फुल म्हणजे तुमचं-आमचं फुल नव्हे. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. डिझेल तिथवर चढून ते भोक बुजलं की आतला पडदा ओढला जातो आणि खटका आपोआप पडतो. पण डिझेलला फेस फार. टाकीत जागा असतानाच फेस भोकापाशी पोचतो आणि खट्! पोरगं नोझल काढायला जातं. "थांब थांब, फेस बसू दे." क्लीनर हौद्यात चढून उड्या मारतो. गाडी हलते, फेस बसतो, आणखी थोडं जातं. खट्. पुन्हा उड्या. शेवटी डिझेल झाकणाच्या कडेला चमकू लागतं, तेव्हा मालक त्यात डोकावून म्हणतात, "अजून एक रुपयाचं बसंल बघ." नोझल बाहेर आल्यावर ते तोंडाशीच उभं धरायला लावतात. तिथून निथळतात ते चार थेंब, तेही व्यापाऱ्याच्या पैशाचे. पण हक्क म्हणजे हक्क.

पहाटे डिझेल थंड आणि म्हणून दाट असतं, तेव्हा भरावं, हेही त्याला पाठ आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही, हे सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे पंपमालकाचा मेहुणा असल्यासारखं बघतो.

एका बाबतीत मात्र त्याचं कौतुकच करावं लागेल. टाकी कोरडी तो कधी पडू देत नाही. पेट्रोलची गाडी बंद पडली तर बाटलीभर ओतून चालू होते. डिझेलच्या लाइनमध्ये एकदा हवा शिरली की गाडी 'एअर धरते'. मग रात्री माळशेज घाटात, पावसात, मोबाइलच्या उजेडात हातपंप दाबत ती हवा काढत बसायचं आणि मागे टोमॅटो पिकत राहणार. म्हणून काट्यावर त्याचा भरवसा नाही. भरवसा किलोमीटरवर आणि वहीवर. त्या वहीत ॲव्हरेज पहिल्या दशांशापर्यंत लिहिलेलं असतं. ते पडलं तर दोष डिझेलचा. लादलेल्या मालाचा नाही, कारण माल 'पासिंगएवढाच' होता.

आणि आता यातली खरी गंमत. प्रत्येक पंपावर 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं. संशय आला तर कुठल्याही गिऱ्हाइकानं ते मागावं, डोळ्यांदेखत भरून घ्यावं. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतची तफावतच नियमात बसते. पिकअपवाल्याला हे ठाऊक आहे. त्यानं ते माप आजवर मागितलेलं नाही. माप बरोबर निघालं तर पुढं बोलायचं काय?

तेव्हा वाचकहो, पंपावर पुढे पिकअप दिसली तर सरळ रांग बदला. दोन्ही रांगांत पिकअप असेल तर जिचा हौदा भरलेला आहे तिच्या मागे लागा. तिला वाशीचा भाव गाठायचा असतो. रिकाम्या गाडीला कुठंच जायचं नसतं.