ग्रिटचं सोवळं

भोसरी, सातपूर, शिरोली, एमआयडीसी कुठलीही घ्या, तिच्या आसपासच्या सोसायटीत एक अप्पा हमखास सापडतात. टूलरूममधून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशात चारचौघांचं पेन असतं, तिथे यांच्या अ‍ॅक्रिलिकच्या चार पट्ट्या असतात, टोकांना लाल, पिवळा, हिरवा, पांढरा ऑइलपेंट लावलेल्या. अशा पॉलिशिंगच्या कांड्या बाजारात विकत मिळतात हे अप्पांना ठाऊक आहे. म्हणून तर ते घरी करतात.

नंबरप्लेटवाल्याकडे जाऊन "टाकूनच देणार होतास ना?" असं विचारून तुकडे उचलायचे. हॅक्सॉने पट्ट्या पाडायच्या. त्यांच्यावर सिलिकॉन कार्बाइडची पावडर भुरभुरवायची, वर बटरपेपर, आणि त्यावर काकूंची इस्त्री. अ‍ॅक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास नरम पडू लागतं, पावडरला त्याचं सोयरसुतक नसतं. दाब दिला की कण अर्धे आत रुततात, अर्धे बाहेर डोकावतात. पट्टी फुकटात पडली असं अप्पा सांगतात. काकू हल्ली साड्या बाहेर इस्त्रीला देतात, तो खर्च या हिशेबात येत नाही.

पावडरीचा विषय काढू नये. काढलात तर १८९१ सालापासून ऐकावं लागतं. अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाच्या गृहस्थाने हिरा होईल या आशेने चिकणमाती आणि कोक विजेवर तापवला आणि निघालं हे कार्बोरंडम. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. अप्पांची सगळी भक्ती या मारुतीवर.

आणि भक्ती म्हटल्यावर सोवळं आलंच. लाल पट्टी २२० ची, पिवळी ४०० ची, हिरवी ६०० ची, पांढरी १००० ची. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. २२० ला लागलेला हात १००० ला लावायचा नाही. दोघींचं पाणी वेगळं, चिंधी वेगळी, डबा वेगळा. कारण २२० चा एक कण जरी पांढऱ्या पट्टीवर आला, तरी गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर असा ओरखडा ओढतो की पुन्हा लालपासून सुरुवात. नातवाने एकदा चारही पट्ट्या एका बादलीत धुतल्या. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

तरी माणूस थट्टेवारी नेण्यासारखा नाही. प्लॅस्टिकच्या डब्याच्या मोल्डमध्ये दोन मिलिमीटरची अरुंद खाच असते, तिथे पॉलिशपेपर दुमडतो आणि दगडाची कांडी तुटते. ते काम टूलरूमची पोरं अजून गुपचूप अप्पांकडे घेऊन येतात. अप्पा दीड मिलिमीटरची पट्टी आत घालतात, रॉकेलचा थेंब सोडतात, आणि करड्या चिखलातून पुढे-मागे, पुढे-मागे. पुढच्या नंबराला दिशा बदलायची, आधीचे आडवे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत. बाहेरची सपाट बाजूही ते सोडत नाहीत. शेवटी तिथल्या पोलादात तिरप्या नजरेने वरची ट्यूबलाइट बघायची. ती सरळ दिसली तर काम झालं. लहरली, तर पोराला चहा करायला पाठवतात आणि पुन्हा बसतात.

पंचाईत एवढीच की अंगठ्याला रिटायरमेंट माहीत नाही. दिसेल त्या कडेवरून तो 'बर', म्हणजे धातूची बोचरी कूस, शोधत फिरतो. जिन्याचा कठडा, पंगतीतलं स्टीलचं ताट, देवळातली पळी. मागे भाच्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोह्यांची बशी हातात आली, चमचा उचलला, अंगठा फिरला, आणि अप्पा गंभीरपणे म्हणाले, "बर आहे."

मुलीच्या आईने खुशीत येऊन आणखी दोन डाव पोहे वाढले. अप्पांनी पिवळी पट्टी काढली, मग हिरवी. मंडळी पत्रिकेबद्दल बोलत होती तेवढ्यात चमचा ६०० वर आला. १००० पण मारली असती, पण भाच्याने रिक्षा बोलावली होती.