स्वराज्य, वरून मंजूर

बाग सेवनियाच्या नावात बाग आहे, तेवढीच. कधीकाळचं हे गाव भोपाळ महापालिकेच्या पोटात गेलं आणि सरपंचाच्या जागी पार्षद आला. (नगरसेवकाला इकडे पार्षद म्हणतात.) चहाच्या टपरीवरचे दद्दा मात्र कडक इस्त्रीचा कुठलाही सदरा दिसला की अजून 'सरपंच साब' म्हणूनच हाक मारतात. मी एकदा विचारलं, दद्दा, तुमच्या काळी पंचायतीत ठरायचं कसं? म्हणाले, "भैया, जो पटवारी कहे, वोई."

ग्रामस्वराज्याचा इतिहास इथंच संपला असता. पण सदराची जागा भरायची असते.

1830 साली कंपनी सरकारातल्या चार्ल्स मेटकाफने लिहून ठेवलं की इथली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकंच. राजवटी येतात-जातात, खेडं टिकतं. साहेबाचं कौतुक आणि साहेबाची जमाबंदी एकाच दौतीतून उतरत होती. मराठी मुलखात रयतवारी आली, कज्जे जिल्ह्याच्या कोर्टात गेले आणि गोतसभेला नुसती बसायची जागा उरली. त्याआधी वतनाचा तंटा निघाला की गोत जमे, महजर होई आणि कागदाच्या तळाशी निशाण्या उमटत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. महाराचीही निशाणी असे. शिवेच्या भांडणात त्याच्या साक्षीला वजन, कारण शीव त्यानेच पायाखाली घातलेली. भांडण मिटलं की तो परत गावकुसाबाहेर. या प्रजासत्ताकाला कूस होती, हे मेटकाफला घोड्यावरून दिसलं नसावं.

आंबेडकरांना दिसलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या या कौतुकाची सालं काढली. गांधीवादी दुखावले आणि त्याच महिन्यात पंचायतींना कलम 40 मिळालं. मिळालं ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात दाद मागायची सोय नाही. ती कसर भरून निघायला 24 एप्रिल 1993 उजाडला, 73वी घटनादुरुस्ती लागू झाली. नव्या कायद्याने पहिल्या निवडणुका 1994 मध्ये आमच्या मध्य प्रदेशाने घेतल्या, एवढी फुशारकी मारू द्या.

महाराष्ट्राची तऱ्हा त्याहून न्यारी. सरपंच थेट जनतेतून, हे 2017 मध्ये ठरलं. 2020 मध्ये सदस्यांतून, असं ठरलं. 2022 मध्ये पुन्हा जनतेतून. तिन्ही वेळा ठरलं मंत्रालयात. ग्रामसभेला बातमी कळली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' असं ठणकावून सांगितलं आणि तसं वागूनही दाखवलं. तरी हक्काच्या जंगलातला बांबू बाहेर न्यायचं पासबुक हाती पडायला 2011 मध्ये दिल्लीहून केंद्रीय मंत्री गावात यावे लागले.

शहरात आलेल्यांनी हसू नये. भोपाळ महापालिकेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली, मतदान झालं 2022 च्या जुलैत. मधली दोन वर्षं प्रशासक. दद्दांना म्हटलं, एवढे दिवस पार्षदच नव्हता, तुम्हाला काही फरक जाणवला?

दद्दांनी बशीतला चहा फुंकला.

"पटवारी तो था ना?"