बापाची ना हरकत

भारतीय राज्यघटनेला दोन नागरिकत्वं चालत नाहीत आणि आमच्या चिरंजीवांना एक पुरत नाही. जन्म न्यू जर्सीचा, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. आई शिरूरची, बाप दौंडचा, म्हणून भारत सरकारचं ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. हे कार्ड 2006 सालापासून मिळतं. वर राजमुद्रा, आत फोटो, दिसायला हुबेहूब पासपोर्ट, पण पासपोर्ट नव्हे. नावात ‘सिटिझन’ आहे, पण तेही नव्हे. जन्मभराचा व्हिसा एवढाच त्याचा अर्थ. मात्र कार्डावर सरकारी शिक्का दिसला की आमच्याकडे ते रेशनकार्डाच्या जवळपासचं काहीतरी समजतात आणि तिथून प्रश्न सुरू होतात.

दौंडला पोचलो त्याच संध्याकाळी न्हावऱ्याचे चुलतसासरे मुद्दाम भेटायला आले. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“मतदान?”

“नाही.”

“आत्ता नाय गं. अठरा वर्सांचा झाल्यावर?”

“तरी नाही, आण्णा.”

त्यांचा चेहरा पडला. एका मताने ग्रामपंचायत घालवलेला माणूस तो. भावकीत पोरगं जन्मलं की आण्णा आधी मतदारयादीत धरतात, मग बारशाला येतात.

“बरं, जमीन?”

“शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते.”

यावर बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम नानांकडे पाहिलं. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि “मला काय झालंय?” असं जरा जोरातच विचारलं.

नाना रेल्वेतून टीसी म्हणून निवृत्त झालेले. दुहेरी नागरिकत्वाची भानगड घरात फक्त त्यांना समजली, तीही दौंडकराच्या पद्धतीने. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडात आली की इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे. डबे तेच, पासिंजर तेच, गाडीचं तोंड तेवढं फिरायचं. “पोराचं तसंच,” नाना म्हणाले. “इकडं येताना एक इंजिन, तिकडं जाताना दुसरं.” रेल्वेने तो खटाटोप वाचवायला कॉर्ड लाईन टाकली. नागरिकत्वात ती अजून कोणी टाकलेली नाही. आमच्या सरकारचं म्हणणं, इंजिन एकच ठेवा. परदेशात जन्मलेलं मूल वकिलातीत नोंदवून भारतीय केलं आणि ते दुसऱ्याही देशाचं असलं, तरी अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारताचं जातं.

नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी एकटीच पोराला घेऊन आले होते. तर अशा एकट्या आईने जवळ बापाचं संमतिपत्र बाळगावं, असं अमेरिका सांगते, कॅनडाही सांगतो. ‘माझी बायको माझ्या मुलाला घेऊन अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रवास करते आहे, माझी हरकत नाही,’ असं लिहायचं आणि नोटरीसमोर सही करायची. आमच्या ह्यांनी ते इतकं मन लावून लिहिलं होतं की लग्नाआधीची पत्रंसुद्धा एवढी लांब नव्हती.

सासूबाईंनी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. “म्हणजे माहेरी यायला नवऱ्याची चिठ्ठी?” त्या म्हणाल्या. “सुधारलं की गं. आमच्या टायमाला सासूची लागायची.”

नानांनी मात्र पत्र उजेडात धरलं, तारखा बोटावर मोजल्या, नोटरीचा शिक्का अंगठ्याने चाचपला आणि “ओके” म्हणून परत दिलं. विदाउट तिकीट सून सापडली नाही याची थोडी हुरहुर त्यांच्या चेहऱ्यावर होती.

या पत्रामागचं कारण विनोदी नाही. नवराबायकोचं फाटलं की एक जण पोराला उचलून दुसऱ्या देशात निघून जातो आणि दुसरा कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. अशी मुलं परत करण्यासाठी 1980 साली हेगला आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे पोराला घेऊन भारताकडे निघालेली एकटी आई परदेशी अधिकाऱ्याला जरा निरखून बघावीशी वाटते. दक्षिण आफ्रिकेने तर 2015 साली मुलांचे आईबापांच्या नावांसकट जन्मदाखलेच सक्तीचे केले होते. पुढे नियम सैल करावा लागला.

त्यात आमच्या नावांची तऱ्हा. मी लग्नानंतर पासपोर्ट बदलला नाही. त्यावर माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पोराच्या पासपोर्टवर त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, दौंडचं आडनाव. दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले तर आमची ओळख एसटीत झाली असावी असं वाटतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव घालायचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. चिरंजीव त्याआधीच जन्मले, तेही न्यू जर्सीत.

शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे माहेर-सासरच्या फेऱ्या न्हावरा, केडगाव, चौफुला अशा रस्त्याने. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं, लेक मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती आणि सोबतीला एक मैत्रीण. तिथून 1886 साली लेकीला घेऊन अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. पासपोर्टचा कायदा हिंदुस्थानात झाला 1920 साली. म्हणजे विधवा बाई लहानग्या पोरीला घेऊन समुद्र ओलांडते म्हणून अख्खं पुणं नाकं मुरडत होतं, पण ‘पोरगी तुमचीच कशावरून’ असं मात्र कोणी विचारलं नसणार. आता उलट झालंय. पुणं काही म्हणत नाही, विमानतळावरच्या खिडकीतला माणूस विचारतो.

मला तो भेटला मुंबईला, परतताना. मराठी होता. ओसीआयवरचा फोटो चिरंजीव काही महिन्यांचे असतानाचा, डोक्यावर केस नाहीत, एक डोळा मिटलेला. समोर दौंडच्या उन्हात रापलेलं, खरचटलेल्या गुडघ्यांचं पोरगं.

“कोण हा तुमचा?”

“मुलगा.”

“आडनाव वेगळं दिसतंय.” मग खिडकीतून पुढे वाकून, “बाळा, ही कोण रे तुझी?”

“वहिनी,” चिरंजीव म्हणाले.

सुट्टीभर तीन दिरांच्या घरात राहिल्याचा हा परिणाम. मी फाईल उघडली. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, संमतिपत्र. त्याने फाईल बाजूला सारली आणि चौकशी तशीच चालू ठेवली.

“मग आई कुठाय?”

“हीच की.”

“आन् वहिनी?”

“ती पन हीच.”

दौंडचं पाणी लागलेला अमेरिकन नागरिक बघून त्या माणसाने हसू दाबलं आणि शिक्का मारला. बापाचं पत्र घडी न मोडता माझ्याकडे परत आलं.

पुढच्या खेपेला नवरा एकटा पोराला घेऊन आला. मीही त्याला तसंच पत्र लिहून दिलं होतं, नोटरीसकट. वाटेत ते कोणी मागितलं नाही. दौंडात मात्र जो तो म्हणत होता, “बिचारा! एकट्यानं लेकराला घेऊन आला!” सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. मी आले तेव्हा मला विचारलं होतं, “गं, त्याच्या जेवणाचं काय केलंस?”

तेव्हा बायांनो, एकटीने निघणार असाल तर जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि ते पत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. पोराचा पासपोर्ट नवा झाला की तो आणि नवा फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवा. वीस वर्षांचा होईपर्यंत दर वेळी चढवावा लागतो, पैसे पडत नाहीत. आणि विमानतळावर जाताना गाडीत पोराची एक तोंडी परीक्षा घ्या.